बुधवार, शुक्रवार

१८ जून, बुधवार

ही डायरी शाळेने निरोपाला दिली. जानेवारीपासूनची पानं कोरी आहेत, ती तशीच राहतील. मुलुंडच्या आमच्या शाळेचा मराठी विभाग बंद झाला त्या दिवशी प्रत्येकाला काही ना काही मिळालं. मला डायरी आणि शाल. शाल कपाटात गेली. डायरी आज काढली, कारण आजचा दिवस नवऱ्याला, श्यामला, नीट सांगता आला नाही.

सरकारी भाषेत मी आता 'अतिरिक्त शिक्षक' आहे. मुलं कमी झाली की शिक्षक जास्त होतात, आणि मग जिथे जागा असेल तिथे त्यांना पाठवतात. मला दहिसरची शाळा मिळाली. मुख्याध्यापक मार्तंड सर सज्जन वाटले. सहावी, आठवी आणि दहावीचं गणित माझ्याकडे दिलं. म्हणाले, दहावीला जरा सांभाळून घ्या, देशपांडे बाई, गेल्या वर्षी त्यांना दिशा शिकवायची, मुलांचा तिच्यावर फार जीव. ही दिशा याच शाळेची जुनी विद्यार्थिनी, तासाच्या हिशेबाने शिकवायला यायची. म्हणजे मी आले आणि तिचे तास गेले. सर तसं म्हणाले नाहीत, पण मला कळलं.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत एका मोठ्या टेबलाभोवती सगळे बसतात. मराठीच्या रत्नप्रभा परब बाई तिथल्या प्रमुख आहेत, हे कोणी न सांगता कळतं. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, म्हणाल्या, बसा, इथे सगळ्यांचं सगळे खातात. आणि माझ्यापुढे डबा उघडला. वांग्यात सुका बोंबील घातलेला. नेमकी त्याच वेळी मानेपासून कानांपर्यंत ती गरम लाट आली. वर्षभर चाललंय हे. डॉक्टर म्हणतात वयाचं आहे, जाईल आपोआप. पण नव्या माणसांत, समोर खेळाचे तरुण सुयोग सर बसलेले असताना, हे काय सांगणार? उठले आणि मागची खिडकी उघडायला गेले. ती अडकलेली होती. जोर लावला तर धाडकन उघडली, सगळे वळून बघायला लागले. मी "माफ करा, मी तिकडे बसते" म्हणून माझा डबा उचलला आणि दाराजवळच्या पंख्याखाली जाऊन बसले. पदराने सारखं नाक-तोंड पुसत बटाट्याची भाजी संपवली.

तिकडून बघितलं तर परब बाईंनी डब्याला झाकण लावलं होतं. त्यांचं जेवण तेवढ्यात कसं झालं कोण जाणे.

२० जून, शुक्रवार

काल टेबलावर सगळे होते. मला जागा दिली, पण बेतानेच बोलले. परब बाईंनी गवारीची भाजी पुढे केली आणि "ही चालेल ना तुम्हाला?" असं विचारलं. गवार कोणाला चालत नाही?

आज मधल्या सुट्टीत खोलीत कोणीच नव्हतं. मला वाटलं तास लांबले. डबा न उघडता बसून राहिले. शेवटी शिपायाला विचारलं तर म्हणाला, सगळे वर प्रयोगशाळेत गेलेत जेवायला. काही मीटिंग आहे का म्हटलं, तर मान हलवून निघून गेला.

मार्तंड सर त्यांच्या केबिनमध्ये चहात बिस्किट बुडवत होते. म्हणजे मीटिंग नव्हती.

२९ जून, रविवार

घर लागलं एकदाचं. मुलुंडची बिल्डिंग पाडायला घेतली आहे, नवी उभी राहीपर्यंत आम्ही बोरिवलीत भाड्याने. शाळा जवळ पडते म्हणून इथे. घर हवेशीर आहे. अट एकच. घरमालकाने आडनाव विचारलं, श्यामने देशपांडे सांगितलं, आणि ते एकदम निवांत झाले. "मग काय प्रश्नच नाही, बिल्डिंग पूर्ण शाकाहारी आहे." आम्ही कायस्थ, मासे खाणारे देशपांडे. पण त्यांनी आडनावावरून जे धरायचं ते धरलं, आणि घर हातचं जाईल म्हणून श्याम गप्प बसला. मीही बसले. मग करारात ते लिहूनच आलं.

मे महिन्यापासून घरात मासळी नाही. श्यामला फरक पडत नाही, तो बटाट्यावर जगू शकतो. मला आज दुपारी वरण-भात खाताना आईच्या हातचं कोलंबीचं खडखडलं आठवलं आणि घास जाईना. बावन्न वर्षांच्या बाईने कोलंबीसाठी डोळ्यांत पाणी आणावं, हे या डायरीबाहेर जाऊ नये.

समोरच्या शुभाताई भल्या आहेत. पहिल्याच दिवशी ढोकळा घेऊन आल्या. म्हणाल्या, आधीचे भाडेकरू फार वाईट होते, अंडी आणायचे.

९ जुलै, बुधवार

गणिताच्या माणसाला क्रम दिसल्याशिवाय राहत नाही. सोमवार, मंगळवार, गुरुवार सगळे टेबलावर असतात. माझ्याशी नीट बोलतात, लोणचं देतात. बुधवारी आणि शुक्रवारी सगळे वर. गेले तीन आठवडे यात बदल नाही. आधी वाटलं सुयोग सरांचा खेळाचा तास असेल, ते वर सामान ठेवतात. पण मराठीच्या बाईंना आणि चित्रकलेच्या सरांना खेळाच्या सामानाशी काय देणंघेणं?

आज शाळा सुटल्यावर फळ्यावरचा लाकडी कंपास आणायला प्रयोगशाळेत गेले. तिथे उदबत्तीचा वास भरून राहिला होता. विज्ञानाच्या खोलीत कसली पूजा करतात?

मला एकच उत्तर सुचतं. दिशा. ती बुधवारी-शुक्रवारी येत असेल आणि हे तिला भेटत असतील. माझ्यासमोर तिला खाली बोलवायला संकोच वाटत असेल. उत्तर पटतं, आणि पटतं म्हणून जास्त लागतं.

११ जुलै, शुक्रवार

जिन्याखाली उभं राहून बघितलं. दिशासारखं कोणी वर गेलं नाही.

नंतर माझी मलाच लाज वाटली. जिन्याखाली उभी राहून पाळत ठेवणारी शिक्षिका.

१६ जुलै, बुधवार

आज वाईट दिवस. दहावीच्या वह्या घेऊन जिना चढत होते. वरून सुयोग सरांचा आवाज आला, "ए, गप, खिडकीवाल्या बाई येतायत." मग कशावर तरी काहीतरी झाकल्याचा आवाज. मी वर्गाकडे वळले.

म्हणजे माझं नाव पडलं आहे. मी एक खिडकी जोरात उघडली, त्यावरून. मुलुंडच्या शाळेत अठ्ठावीस वर्षांत मुलांनी मला बरीच नावं ठेवली, त्यांचं कधी काही वाटलं नाही. शिक्षकांनी ठेवलेलं नाव वेगळं असतं.

श्यामला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सहा वर्षं राहिलीत. स्वेच्छानिवृत्ती घे ना. रोज उठून एकटीने डबा खायला जायचं, कशाला?" मी म्हटलं, दहावीचं काय. तो म्हणाला, दहावी तुझ्या आधीही होती. खरं आहे ते. पण भूमिती त्यांची फार कच्ची आहे.

ठरवलं ते असं, की दिवाळीपर्यंत बघायचं. अर्ज मात्र लिहून ठेवला. घडी घालून पर्समध्ये, चष्म्याच्या कप्प्यात. तो आहे म्हटल्यावर जरा बरं वाटतं.

२३ जुलै, बुधवार

प्रयोगशाळेतून आज एवढा हशा येत होता की मार्तंड सर केबिनमधून बाहेर आले. माझ्याकडे बघून त्यांनी "चालायचंच, उद्या अमावस्या ना" असं काहीतरी म्हटलं आणि हात धुऊन तेही वर गेले. तेसुद्धा.

अर्ज एकदा काढून वाचला. 'वैयक्तिक कारणास्तव' हे बरोबर वाटतं.

२५ जुलै, शुक्रवार

आज शुक्रवार, आणि सगळे खाली.

मी सवयीने पंख्याखाली डबा उघडून बसले होते. परब बाई आल्या, सुयोग सर आले, सगळे आले आणि टेबलाभोवती बसले. जसं काही कधी वर गेलेच नव्हते. परब बाई म्हणाल्या, "अहो, तिथे काय कोपऱ्यात? या इकडे. श्रावण लागला, आता महिनाभर आमचं तुमचं एकच." वालाची उसळ वाढली मला. मी दोनदा घेतली.

दुपारभर विचार केला की असं काय बदललं. मग आठवलं. काल सुयोग सरांच्या मुलीला ताप होता, त्यांना लवकर जायचं होतं, तर त्यांचा शेवटचा तास मी घेतला. मुलांना मैदानावर सोडलं नाही, गणितच शिकवलं, त्यामुळे मुलं नाराज, पण सरांचं काम झालं. एवढंसं करावं लागतं माणसांसाठी. मीच दीड महिना हातावर हात ठेवून बसले होते. श्यामला सांगितलं. तो म्हणाला, बघ, मी म्हणत होतो ना. तो असं कधीच म्हणत नव्हता.

६ ऑगस्ट, बुधवार

आज परत बुधवार आणि परत सगळे टेबलावर. गेले दोन आठवडे एकदाही कोणी वर गेलेलं नाही.

परब बाई बोलायला लागल्या की थांबत नाहीत. त्यांचा नवरा, दशरथ, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवायचा, आता त्याला नातवाने मोबाइलवर बुद्धिबळ शिकवलंय आणि तो घरात कोणाशी बोलत नाही. "पूर्वी बोलायचा तेव्हा तरी कुठे शहाण्यासारखं बोलायचा," असं म्हणून स्वतःच हसल्या. मी दहावीतल्या एका मुलाने काढलेल्या वर्तुळाची गोष्ट सांगितली, जे वर्तुळ कमी आणि फणस जास्त दिसत होतं. सगळे हसले. मी सांगितलेल्या गोष्टीला इथे पहिल्यांदा कोणी हसलं.

सुयोग सरांनी डबा उघडला, आत भोपळा. ते म्हणाले, "अजून दोन आठवडे. हाल आहेत यार नुसते." परब बाईंनी टेबलाखालून त्यांना पाय मारला असावा, कारण ते दचकले आणि माझ्याकडे बघून गप्प झाले. कसले हाल ते मी विचारलं नाही. मुलीच्या दुखण्याचं असेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

उद्यापासून गणपतीची सुट्टी. परब बाई कुडाळजवळच्या गावी निघाल्यात. "तुमच्यासाठी खाजा आणते," म्हणाल्या, "त्यात काही नसतं हो, निव्वळ बेसन आणि गूळ." मी म्हटलं, आणा की. एवढं समजावून सांगण्यासारखं त्यात काय होतं?

अर्ज पर्समधून काढावा का, असा विचार आला. राहू दे. दिवाळीचं ठरलंय.

१० सप्टेंबर, बुधवार

शाळा परवा उघडली. परब बाईंनी खाजा आणला, पुड्यावर माझं नाव घालून. आज संकष्टी, टेबलावर साबुदाण्याचे इतके डबे की कोण कोणाची खिचडी खातंय कळत नव्हतं. दहावीची चाचणी बरी झाली. भूमितीत नापास फक्त चार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज ते परत वर गेले.

मी नेहमीसारखी टेबलाशी जाऊन बसले. कोणी आलं नाही. थोड्या वेळाने जिन्यावर पावलांचा आवाज आला, परब बाईंचं हसणं ऐकू आलं, तेही वर वर जात. सात आठवडे सगळं नीट होतं. मी मागची पानं चाळली, की माझ्या हातून काय झालं असेल. चाचणीत चित्रकलेच्या सरांच्या भाच्याला कमी मार्क दिले, ते? खाजा सगळ्यांना न वाटता घरी नेला, तो?

बसवेना. फळ्यावरच्या कंपासाचं निमित्त केलं आणि वर गेले. दार लोटलेलं होतं, ते ढकललं.

सगळे लांबट टेबलाभोवती उभे-बसलेले. मला बघताच झाकणं खाली आली, एकामागून एक. सुयोग सरांनी त्यांच्या ताटलीवर वर्तमानपत्र ओढलं. भिंतीवरचा धूर बाहेर फेकणारा पंखा घरघरत होता, खिडक्या बंद. नळाच्या कठड्यावर दोन उदबत्त्या जळत होत्या, त्यांच्या धुराने माझे डोळे चुरचुरले. परब बाई उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता. त्या म्हणाल्या, "काय हवं होतं बाई? खाली पाठवलं असतं की." मी म्हटलं, कंपास. सुयोग सरांनी डाव्या हाताने काढून दिला. मी खाली आले.

माझ्याविषयी बोलत असणार, दुसरं काय. इतकी घाईने झाकाझाक माणूस उगाच करत नाही.

दहावीच्या तासाला फळ्यावरचं वर्तुळ वाकडं आलं. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, फणस." मुलांना ती गोष्ट मीच सांगितली होती. हसले मी. पण बुधवारी अर्ज देणार. दिवाळी कशाला?

१४ सप्टेंबर, रविवार

हे सावकाश लिहायला हवं.

सकाळी भाजी आणायला गेले आणि बाजारात पुढे चालत राहिले. मासळीवाल्यांच्या ओट्यांपाशी थांबले. मे महिन्यानंतर पहिल्यांदा. मुडदुशा ताज्या होत्या, वासही कमी असतो त्यांना. घेतल्या. पिशवीत वर मेथी, कोथिंबीर आणि केळीची फणी ठेवली. श्याम बघतच राहिला. म्हणाला, "पितृपक्ष चालू आहे ना?" मी म्हटलं, आपली तिथी शुक्रवारी झाली. तो म्हणाला, आणि करारात लिहून दिलंय. मी म्हटलं, एकदाच. मला बुधवारी नोकरी सोडायची आहे, मला मासा खाऊ दे. त्याने पिशवीतली मेथी काढून ओट्यावर ठेवली.

स्वयंपाकघराची खिडकी लावली, दिवाणखान्याच्याही लावल्या. दाराच्या फटीत जुना टॉवेल सरकवला. धूर ओढणारा पंखा जोरात केला. देवापुढच्या उदबत्त्या आणल्या, दोन लावल्या, ओट्यावरच्या खिडकीत खोचल्या. मग मुडदुशा तव्यावर घातल्या. तो आवाज ऐकूनच बरं वाटलं.

पानं वाढली आणि बेल वाजली.

श्याम माझ्याकडे बघतोय, मी श्यामकडे. मी तव्यावर झाकण घातलं. त्याने कालवणाच्या पातेल्यावर घातलं. मी टेबलावरचं वर्तमानपत्र ओढून दोन्ही ताटांवर पसरलं. टॉवेल पायाने सरकवून दार एवढंसं उघडलं. शुभाताई होत्या. आमचं कुरिअर त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी आत बघितलं नाही, बिचाऱ्यांनी. म्हणाल्या, "उदबत्तीचा किती छान वास येतोय. रविवारची पूजा वाटतं?" मी म्हटलं, हो. "काय हवं होतं का अजून?" असंही विचारलं मी, त्यांनी लवकर जावं म्हणून.

दार लावून वळले आणि समोरचं टेबल बघितलं. पसरलेलं वर्तमानपत्र, त्याखाली ताटांचे दोन उंचवटे, झाकणं, बंद खिडक्या, घरघरणारा पंखा, दोन उदबत्त्या. आणि श्याम, चोरी पकडल्यासारखा चेहरा करून उभा.

हे चित्र मी परवाच पाहिलं होतं. फक्त परवा मी दाराबाहेर होते.

मी खुर्चीवर बसले. श्यामला वाटलं मला परत लाट आली, तो पाणी घेऊन आला. मग बुधवार-शुक्रवार आठवले. श्रावण लागला तशी सगळी खाली आली ते आठवलं. मला वाटलं होतं, मी तास घेतला म्हणून. संकष्टीचा साबुदाणा. 'ही चालेल ना तुम्हाला?' 'त्यात काही नसतं हो.' आणि पहिला दिवस. त्या बाईने पहिल्याच भेटीत स्वतःचा डबा माझ्यापुढे उघडला, आणि मी उठून धाडकन खिडकी उघडली, नाक पुसत लांब जाऊन बसले. त्यात आडनाव देशपांडे. त्यांनी दुसरं काय समजायचं?

तीन महिने ती माणसं माझ्यामुळे एक मजला चढून, खिडक्या लावून, उदबत्त्यांच्या धुरात जेवतायत. मी त्यांची शुभाताई झाले आहे. आणि शुभाताईंसारखंच, मला त्याचा पत्ता नव्हता.

मुडदुशा गार झाल्या होत्या. तरी सगळ्या खाल्ल्या. पण या घरात परत नाही करणार. शब्द दिला तो दिला. आणि वर्तमानपत्राखालून काढून खाल्लेल्या माशाला चव कमी लागते.

१५ सप्टेंबर, सोमवार

टेबलावर परब बाईंनी मला दुधीची भाजी दिली. शुक्रवारबद्दल कोणी बोललं नाही. सगळे जरा जपूनच होते. सांगून टाकावं असं दोनदा तोंडावर आलं. पण दुधीच्या भाजीसमोर मी मासे खाते असं म्हणण्यात काय अर्थ? हे बुधवारी व्हायला हवं.

भीतीही वाटली. समजा माझं चुकत असेल. समजा ते खरंच माझ्याविषयी बोलत असतील. उत्तर एकदा पटलं होतं, तेव्हाही चुकलंच होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी डब्यात नुसत्या पोळ्या घातल्या. श्याम म्हणाला, भाजी राहिली. मी म्हटलं, राहू दे.

मधली सुट्टी झाली. ते सगळे वर जाईपर्यंत थांबले, मग गेले. आज दारावर टकटक केली. आत झाकणांचा आवाज झाला. मग परब बाई, "या." कंपास त्यांनी आधीच काढून हातात धरला होता.

मी म्हटलं, कंपास नको. डबा टेबलावर ठेवला आणि उघडला. सगळ्यांना चार पोळ्या दिसल्या. मी म्हटलं, "आज भाजी आणलेली नाही. कालवण मिळेल का कोणाकडे?"

सुयोग सरांचा हात वर्तमानपत्रावर तसाच. परब बाई सावकाश म्हणाल्या, "बाई, आमच्याकडे बुधवारी... तुम्हाला चालायचं नाही ते." मी म्हटलं, मी कायस्थ आहे. माझ्या आईचा सोड्यांचा डबा धान्याच्या डब्याशेजारी असायचा. मे महिन्यापासून मी भाड्याच्या घरात मासळी करू शकत नाही, आणि तुम्ही इथे वर येऊन खाता.

"मग ती खिडकी?" सुयोग सरांनी विचारलं. राहवलं नसावं त्यांना.

हेच सांगायचं होतं आणि हेच अवघड होतं. परब बाईंच्या कानाशी वाकले आणि सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाळावर हात मारून घेतला आणि कानात सांगितलेलं सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगो बाये, मगे ह्यां आधी सांगूक काय झाला? माका तीन वर्सां होता ह्यां. वर्गात फळो पुसतंय पुसतंय आणि भिजान चिंब!" मग मराठीच्या बाईंनी मराठीत सांगितलं, की त्या दिवशी त्यांना फार लागलं होतं. घरी जाऊन दशरथला म्हणाल्या होत्या, नव्या बाईंनी माझ्या डब्यासमोर नाक धरलं. "तो म्हणाला, तुझ्या वांग्याला मीपण धरतो. पण मला लागलं होतं. मग म्हटलं, आपल्यामुळे कोणाला उपाशी नको बसायला, आपणच वर जाऊ."

मी म्हटलं, मला वाटलं दिशामुळे. त्या म्हणाल्या, कोण दिशा? आपली? तिला जूनमध्येच ठाण्याला कायमची नोकरी लागली, पेढे देऊन गेली. तुमच्याच टेबलावर ठेवला होता एक. आठवला मला. पहिल्या आठवड्यात टेबलावर एक पेढा होता आणि मी तो चुकून राहिलेला समजून शिपायाला दिला होता.

सुयोग सरांनी वर्तमानपत्र काढलं. खाली तळलेले बांगडे. परब बाईंनी माझ्या पोळीवर कालवण वाढलं, त्यात एक चांगला मधला तुकडा. तिखट होतं, डोळ्यांतून पाणी आलं, कशामुळे ते सांगायची गरज पडली नाही. आणि दुसऱ्या घासाला ती आलीच. मानेपासून कानांपर्यंत. मी घास हातात धरून थांबले. परब बाईंनी बघितलं. उठल्या, प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी गेल्या, दोन्ही हातांनी जोर लावला आणि ती धाडकन उघडली. सुयोग सर म्हणाले, "घ्या, आता खिडकीवाल्या बाई दोन झाल्या." त्यांना मार बसला, टेबलावरूनच.

खाली मैदानावरून दहावीच्या मुलांनी वर बघितलं. वास गेला असणार. जाऊ दे.

काटे ठेवायला काही नव्हतं. वर्तमानपत्राला तेल लागलं होतं. पर्समध्ये चष्म्याच्या कप्प्यात घडी घातलेला एक कागद होता, तो उलगडला आणि त्यावर ठेवले. परब बाईंनी विचारलं, कामाचा नाही ना? मी म्हटलं, वैयक्तिक आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सोमवारपासून नवरात्र, म्हणजे पुढचे नऊ दिवस टेबलावर परत वाल आणि भोपळा. म्हणून आजच. परब बाईंनी कोलंबी आणून ठेवली होती. मी सकाळी त्यांच्या घरी जाऊन खडखडलं केलं. दशरथ मोबाइलवरून मान वर न करता म्हणाले, "वास बरा येतोय." परब बाई म्हणाल्या, हे त्यांचं महिन्यातलं पहिलं वाक्य.

डबा प्रयोगशाळेत न्यायला जिन्याकडे वळले, तर सगळे शिक्षकखोलीतच बसलेले. टेबलाभोवती. मागची खिडकी उघडी होती. मार्तंड सर केबिनमधून बिस्किटं टाकून आले आणि खुर्ची नाही म्हणून उभ्यानेच जेवले.

श्यामने घरी विचारलं, अर्जाचं काय झालं? मी म्हटलं, त्याला फार वास येत होता.